मृणालचं देणं

मृणालचं पत्र मी आधी ऐकलं, वाचलं फार नंतर. नागपूरच्या धंतोलीत, शेजारच्या घराच्या मागच्या खोलीत बसून माशीमा ते बंगालीतून वाचायच्या आणि दर दोन वाक्यांनी थांबून हिंदी-मराठीच्या मिसळीत मला समजावून द्यायच्या. रवींद्रनाथांची 'स्त्रीर पत्र' ही कथा तेव्हा भेटली नसती तर माझं काही फार वाईट झालं असतं असं नाही. मी त्याच घरात, त्याच माणसांत राहिले असते. फक्त आतून काय होतंय ते मला कधी कुणाला सांगता आलं नसतं, आणि जे सांगता येत नाही ते आपलाच दोष म्हणून बाई मनात धरून बसते. त्यातून मला ज्यांनी सोडवलं त्यांत काही हाडामांसाची माणसं आहेत, काही कागदावरची. दोघांचंही देणं मी लागते.

मी १९८१ साली लग्न होऊन अमरावतीहून नागपूरला आले. सासर भरल्या घराचं. सासू-सासरे, दोन दीर, एक लग्नाची नणंद, येणंजाणं पुष्कळ. हे बँकेत होते. निर्व्यसनी, शांत, आवाज कधी चढवायचा नाही. सासूबाई शिस्तीच्या कडक, पण मनात किल्मिष नाही. यांचा पगार झाला की पाकीट त्यांच्या हातात जायचं आणि त्या न मागता त्यातले पैसे माझ्या हातखर्चाला द्यायच्या. हुंड्याचा विषय कधी निघाला नाही. कुणी टोचून बोललं नाही. तरी दुपारी ओटा धुऊन झाला, मंडळी आडवी झाली, की माझ्या छातीवर काहीतरी चढून बसायचं. भाजी कुठली करायची, हळदीकुंकवाला कुठलं लुगडं नेसायचं, माहेरी कधी जायचं आणि कोणत्या गाडीनं परत यायचं, हे सगळं दुसरं कुणीतरी ठरवायचं, तेही प्रेमानं. बी.ए.ला मला इंग्रजीत पहिला वर्ग होता. ती पुस्तकं ट्रंकेत भरून माळ्यावर गेली होती. ती तिथे ठेवा असं कुणी म्हटलं नव्हतं, खाली काढ असंही कुणी म्हटलं नव्हतं.

माहेरी गेल्यावर आईनं माझा चेहरा ओळखला. रात्री शेजारी निजून हळूच विचारलं, "काय कमी आहे गं तुला तिथं?" तिच्या आवाजात खरी काळजी होती. मी खूप शोधलं, पण कमी असं काही हाताला लागेना.

त्यात ती वर्षं भयंकर होती. 'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू' या मथळ्याची बातमी वर्तमानपत्रात सारखी असायची. तो भडका कसा उडतो हे सगळ्या बायकांना कळत होतं. मोर्चे निघत होते, आणि १९८३ साली छळाविरुद्धचं ४९८-अ कलम कायद्यात आलं. रोज सकाळी चहा गाळताना या बातम्या वाचणाऱ्या, आणि कुणी बोटही न लावलेल्या बाईनं कुठल्या तोंडानं म्हणायचं की मला गुदमरतं? माझं दुःख मलाच खोटं वाटायला लागलं होतं.

धंतोलीत बंगाली घरं पुष्कळ. मध्य प्रांताच्या काळात वकील, डॉक्टर, शिक्षक म्हणून आणि बंगाल-नागपूर रेल्वेच्या नोकऱ्यांमुळे ही मंडळी इकडे आली आणि इथलीच होऊन राहिली. १९२३ साली नागपूर विद्यापीठ निघालं तेव्हा पहिले कुलगुरू सर बिपिनकृष्ण बोस होते. माशीमांचं घर एवढं नामांकित नव्हतं. त्यांचे यजमान रेल्वेत होते, निवृत्त झाल्यावर वारले. मुलगा जमशेदपूरला. माशीमा एकट्या राहायच्या, पांढरं लुगडं नेसायच्या, मासे सोडलेले, आणि दुपारभर पुस्तक. आमच्या आणि त्यांच्या घरामध्ये कमरेएवढी भिंत होती. एकदा वाळवण उचलताना त्यांनी विचारलं, "बौमा, तू बी.ए. ना? मग दुपारी काय वाचतेस?" मी म्हटलं, काही नाही. त्या म्हणाल्या, "उद्यापासून ये. बांग्ला शिकवते."

सासूबाईंनी हरकत घेतली नाही. शेजारच्या विधवा बाईकडे सून तासभर जाते, त्यात वावगं काही नव्हतं. माशीमांनी विद्यासागरांचं 'वर्णपरिचय' काढलं. बंगालमध्ये पिढ्यान् पिढ्या मुलं ज्यावर अक्षरं गिरवतात ती १८५५ सालची बाळपोथी. अक्षरं मला लवकर आली, देवनागरीच्या चुलत बहिणीच त्या. पण माशीमांना धीर नव्हता. मला नीट वाचता यायच्या आतच त्यांनी विश्वभारतीच्या आवृत्तीतला 'गल्पगुच्छ'चा खंड उघडला. कुठली गोष्ट आधी वाचायची याची निवड त्यांनी विचार करून केली होती, हे माझ्या पुढे लक्षात आलं. त्या काही न विचारता बरंच काही पाहत असत.

मृणाल ही कोलकात्याच्या माखन बडाल गल्लीतल्या २७ नंबरच्या घराची मेजोबौ, म्हणजे दोन नंबरची सून. बाराव्या वर्षी लग्न झालेलं. पंधरा वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याला एकही पत्र लिहिलेलं नाही, कारण ती सतत जवळच होती, पत्रापुरतं अंतर कधी पडलंच नाही. आता ती चुलतसासूबरोबर यात्रेला म्हणून जगन्नाथपुरीला आली आहे आणि समुद्राकाठाहून पहिलं पत्र लिहिते आहे. १९१४ साली प्रमथ चौधुरींच्या 'सबुज पत्र' मासिकात हे छापून आलं, तेही ग्रांथिक बंगालीत नव्हे तर घरातल्या बायकांच्या बोलण्यात येते तशा भाषेत.

पत्रात एके ठिकाणी मृणाल अगदी शांतपणे सांगते की तुमच्या घरी खाण्यालेण्याची ददात नाही, आणि तुमच्या स्वभावातही असा काही दोष नाही की ज्यासाठी मी देवाला बोल लावावा. माशीमांनी हे सांगितलं तेव्हा मी त्यांना थांबवून पुन्हा सांगायला लावलं. आईच्या प्रश्नाचं उत्तर समोर होतं. काही कमी नाही हे मृणाल आधीच कबूल करून टाकते, आणि त्यानंतरही तिचं पत्र संपत नाही. कित्येक पानं चालतं. म्हणजे कमी काही नसूनही सांगण्यासारखं इतकं असू शकतं! हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. कथा-कादंबऱ्यांत नवरा दारुडा असे किंवा बाहेरख्याली, सासू छळणारी असे, आणि मग बाईच्या रडण्याला अर्थ येई. इथे रडणं नव्हतंच. इथे एक बुद्धीची बाई, जिच्या बुद्धीची तिच्या आईलाही धास्ती वाटायची, आपल्या संसाराकडे पहिल्यांदा लांबून पाहत होती.

त्या पत्रातली एक जागा मी आजही डोळे मिटून सांगू शकते. अंदरमहालाच्या शेजारी गोठा आहे. अंगणाच्या कोपऱ्यात गाईंना आंबोण घालायचं लाकडी भांडं. सकाळी गड्याला दुसरी कामं असतात, त्यामुळे उपाशी गाई त्या भांड्याच्या कडा चाटत चाटत, चावत चावत उभ्या राहतात, आणि लाकडाला खळगे पडलेले असतात. मृणाल खेड्यातली पोर. नव्या घरात पाऊल टाकलं त्या दिवशी सगळ्या शहरात तिला ओळखीच्या वाटल्या त्या या गाई. नवी नवरी असताना ती स्वतः न जेवता चोरून त्यांना खायला घालायची. मोठी झाल्यावर ही माया उघड झाली तशी घरची माणसं तिच्या कुळाबद्दल थट्टेनं शंका घेऊ लागली. रवींद्रनाथांनी त्या गाईंवर भाष्य केलेलं नाही. गाईंना कुणी मारत नाही, खायलाही मिळतं, फक्त घराला सवड होईल तेव्हा मिळतं. त्या लाकडावरचे दातांचे खळगे मला माझ्या दुपारचे वाटले.

मग बिंदू येते. मोठ्या जावेची अनाथ बहीण, चुलतभावांनी हाकललेली. कुणाला नको असलेली ही मुलगी मृणालवर जीव टाकते. घरचे तिचं लग्न लावून देतात, नवरा वेडा निघतो, ती पळून येते, आणि मृणालला त्रास नको म्हणून पुन्हा आपण होऊन सासरी जाते. ती परत पळते, पुन्हा धाडली जाते. मृणाल तिला पुरीच्या गाडीत बसवायचा बेत करते. भाऊ शरद, जो प्लेगच्या वस्तीत उंदीर मारायला नि दामोदरच्या पुरात मदतीला धावणारा पोरगा, त्याच्यावर हे काम सोपवते. शरद येऊन सांगतो की आता त्याची गरज नाही, बिंदूनं कपड्यांना आग लावून घेतली. लोक म्हणतात, कपडे पेटवून मरायची मुलींत फॅशनच आली आहे.

माशीमा इथे पुस्तक मिटून थोडा वेळ बसल्या. मग त्यांनी मला स्नेहलतेची हकीकत सांगितली. १९१४च्या सुरुवातीला कोलकात्यात स्नेहलता नावाच्या कुमारिकेनं, आपल्या लग्नापायी बापाचं राहतं घर जातंय हे पाहून स्वतःला पेटवून घेतलं. सारा बंगाल हादरला. त्याच वर्षी ही कथा आली. आणि मी ती ऐकत होते १९८३-८४मध्ये, आमच्या ओट्यावर स्टोव्ह होता आणि सकाळच्या पेपरात तीच बातमी होती.

बिंदूची आग आणि मृणालची घुसमट रवींद्रनाथांनी एकाच पत्रात ठेवली, याचं मोल मला त्या दिवसांत फार होतं. एकीच्या मरणामुळे दुसरीचं दुःख लहान होत नाही. उलट बिंदूमुळेच मृणालला दिसतं की या घराच्या लेखी बाई म्हणजे काय. ज्या मायेनं तिला ठेवलंय आणि ज्या बेफिकिरीनं बिंदूला हाकललंय, दोन्हींचा उगम एकच. हे कळल्यावर मी पेपरातल्या त्या बातम्या वेगळ्या वाचायला लागले. त्या मला गप्प बसवत नाहीशा झाल्या.

तरी या कथेबद्दल एक गोष्ट मला तेव्हाही खटकली होती आणि आजही खटकते. मृणालला कायमचा उंबरा ओलांडायला बिंदूचं मरण लागलं. केवळ स्वतःसाठी ती निघाली असती का? लेखकाला हे धाडस झालं नाही की वाचकाला ते झेपणार नाही असं वाटलं, कोण जाणे. तीन वर्षांनी, १९१७ साली, 'पयला नंबर' या कथेत अनिला नवऱ्याला सोडून निघून जाते, आणि तिच्यावर भाळलेल्या शेजाऱ्यालाही तीच चिठ्ठी ठेवते. तिथे रवींद्रनाथ आणखी पुढे गेलेले दिसतात, पण अनिलाचं मन आपल्याला कळतच नाही, ती सबंध गोष्टभर नवऱ्याच्या तोंडून ऐकू येते. मला मृणालच जवळची. ती स्वतः बोलते.

सासूबाईंनी एका दुपारी विचारलं, "काय वाचून राहिली गं एवढी त्या माशीमांकडे?" आम्ही दोघी गहू निवडत होतो. मी त्यांना सगळी गोष्ट सांगितली. मनात थोडी धाकधूक होती, कारण सून घर सोडून जाते ही गोष्ट सासूला सांगायची म्हणजे काय. त्या सुपातून मान वर न करता ऐकत होत्या. बिंदूच्या वेळी त्यांनी चुकचुक केली. पुरीच्या समुद्राशी आल्यावर मी थांबले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ती गेली ते बरंच केलं. पण त्या गाईंना मग कोण घालत असेल?"

या एका प्रश्नानं मला जेवढं शिकवलं तेवढं पुढे वर्गात शिकवताना कुठल्या टीकाग्रंथानं शिकवलं नाही. मृणालला मूल राहिलं नव्हतं. तिची मुलगी जन्मताच गेली, अंधाऱ्या, कोंदट बाळंतिणीच्या खोलीत. मोठी जाऊ मात्र राहिली, गाई राहिल्या. सासूबाई सोळाव्या वर्षी या घरात आल्या होत्या, त्यांनी चार बाळंतपणं, सासऱ्यांचं अंथरूण, दोन नणंदांची लग्नं निभावली होती. त्यांना कुठे जावंसं वाटलं नसेल असं मी तोवर गृहीत धरलं होतं. त्या दुपारी कळलं की त्यांनीही कधीतरी दाराकडे पाहिलं होतं, आणि त्यांच्या मनात पहिला विचार गोठ्याचा आला होता. मी त्यांना आई म्हणायचे ते रीतीनं. त्यानंतर मनानं म्हणायला लागले.

त्यांनीच पुढे बाजू घेतली. मी एका रात्री यांना म्हटलं, "मला एम.ए. करायचंय. आणि दुपार माझी हवी आहे. दुपारी मला कुणी हाक मारायची नाही." हे गोंधळून गेले. "तुला इथं काही कमी पडतंय का?" तोच प्रश्न, तशीच खरी काळजी. मी म्हटलं, "नाही. तुमचं काही चुकलेलं नाही. तरी मला हवंय." एवढं वाक्य उच्चारायला मला मृणालची सगळी पानं पार करावी लागली होती. यांना ते पटलं नाही, दुखलंही. आपलं चुकलं नसताना बायको काहीतरी मागते म्हणजे नेमकं काय, हे त्यांना उमगेना, आणि काही दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. सकाळी सासूबाईंनी धाकट्या दिराला शिडी लावायला सांगून माळ्यावरची ट्रंक खाली घेतली. बस्, एवढंच. बोलल्या काही नाहीत.

मराठीत असं कुणी लिहिलं नव्हतं असं नाही. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' आलं तेव्हा शिकलेल्या मुलींच्या मनात काय चालतं ते मालतीबाई बेडेकरांनी उघड केलं आणि गहजब झाला. विभावरी शिरूरकर हे टोपणनाव घेऊन लिहावं लागलं यातच त्या काळाचं सगळं आलं. आमच्या विदर्भातल्या कुसुमावती देशपांड्यांच्या कथा मी एम.ए.च्या काळात वाचल्या आणि त्यांच्या संयमानं भारून गेले. पण आपला पहिला सोबती आपण निवडत नाही. माझ्या वाट्याला मृणाल आली, तीही कमरेएवढ्या भिंतीवरून.

एम.ए. झालं, कॉलेजात लागले, आणि एम.फिल.च्या कामासाठी हैदराबादला जायची संधी आली. उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात अमेरिकन स्टडीज रिसर्च सेंटर होतं. देशभरातले इंग्रजीचे प्राध्यापक तिथल्या ग्रंथालयासाठी यायचे. काही आठवडे मी तिथे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा एका खोलीत एकटी, दाराला आतून कडी. त्या ग्रंथालयात मला केट शोपँची 'द स्टोरी ऑफ ॲन अवर' भेटली. दोन-तीन पानांची गोष्ट. उभ्याउभ्या कपाटाशीच वाचून काढली आणि मग खुर्चीवर बसून पुन्हा वाचली.

मिसेस मॅलर्डला हृदयविकार आहे, म्हणून नवरा रेल्वे अपघातात गेल्याची बातमी तिला बहीण जपून जपून सांगते. ती रडते, मग खोलीत जाऊन दार लावते आणि उघड्या खिडकीसमोर खुर्चीत बसते. बाहेर वसंत, पावसाचा वास, रस्त्यावरचा फेरीवाला, वळचणीला चिमण्या. आणि तिच्याकडे काहीतरी चाल करून येतं. ती आधी ते परतवायला पाहते, मग त्याला नाव देते. ती मोकळी झाली आहे. नवऱ्यानं तिच्याकडे प्रेमाशिवाय कधी पाहिलं नव्हतं, हे तिला ठाऊक आहे. त्याचे हात मिटलेले पाहून आपण पुन्हा रडू, हेही ठाऊक आहे. तरी पुढची वर्षं आता कुणाच्या इच्छेपुढे वाकायची नाहीत. कालपर्यंत आयुष्य लांबेल या विचारानं जिचा थरकाप व्हायचा, ती आज ते लांबावं म्हणून देवाला विनवते. खाली येते, दार उघडतं, प्रवासानं मळलेली बॅग आणि छत्री घेऊन नवरा आत येतो. त्याला अपघाताची खबरही नसते. ती जागीच जाते. डॉक्टर सांगतात, आनंद झेपला नाही.

गोष्टीच्या पहिल्याच ओळीपासून ती मिसेस मॅलर्ड आहे. तिचं स्वतःचं नाव, लुईस, आपल्याला कळतं ते खिडकीतला तो तास भोगून झाल्यावर, दाराबाहेरून बहीण हाक मारते तेव्हा. हे लक्षात आलं आणि अंगावर काटा आला. इथे बिंदू नव्हती. कुणी जळालं नव्हतं. एका बाईला फक्त स्वतःसाठी मोकळं व्हावंसं वाटलं आणि लेखिकेनं त्यासाठी कसलंही कारण पुढे केलं नाही. रवींद्रनाथांनी जिथे पाय आखडला होता, तिथे ही वीस वर्षं आधी पोचली होती.

शोपँची ही कथा १८९४च्या एप्रिलमध्ये लिहिलेली. 'सेंच्युरी' मासिकानं नाकारली, त्याच डिसेंबरात 'वोग'मध्ये वेगळ्या नावानं आली. सेंट लुईसमध्ये ती वाढली ते विधवांच्या घरात. ती पाच वर्षांची असताना, १८५५ साली, नव्या लोहमार्गावरच्या पहिल्याच गाडीखाली पूल कोसळून वडील गेले. आई, आजी, पणजी तिघींनी पुन्हा लग्न न करता घर चालवलं. पुढे लुइझियानात तिचा स्वतःचा नवरा १८८२मध्ये तापानं वारला, सहा मुलं आणि कर्ज मागे ठेवून. तिनं दुकान-शेती सांभाळली, फेड केली, मग सेंट लुईसला परतून लिहायला लागली. नवरा गेलेल्या बाईला दुःखाबरोबर आणखी काय मिळू शकतं, हे ती पाहत आली होती. १८९९च्या 'द अवेकनिंग'वर टीकेची झोड उठली, १९०४ साली ती गेली, आणि पेर सायर्स्टेड या नॉर्वेजियन अभ्यासकानं १९६९मध्ये तिचं समग्र साहित्य छापेपर्यंत ती जवळपास विस्मरणात होती. तिच्याबरोबर त्या संशोधकाचंही ऋण मी मानते. त्यानं ते खंड काढले नसते तर हैदराबादच्या त्या कपाटात माझ्यासाठी काही नसतं.

नागपूरला परतल्यावर पहिल्यांदा मी माशीमांकडे गेले. त्यांनी मला मृणाल दिली होती, मी त्यांना लुईस द्यायला निघाले होते. सांगता सांगता मध्येच माझ्या पोटात धस्स झालं. समोर पांढऱ्या लुगड्यातली विधवा बसली होती आणि मी तिला सांगत होते की नवरा मेल्यावर एका बाईला मोकळं वाटलं. ही कथा अमेरिकेत लिहिली गेली तेव्हा आपल्याकडे विधवेचं काय चाललं होतं? थोडीच वर्षं आधी पंडिता रमाबाई त्याच अमेरिकेत १८८६ ते १८८८ या काळात गावोगाव भाषणं करून बालविधवांसाठी निधी जमवत होत्या, आणि १८८९ला त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं. तिथे आलेल्या कित्येक मुलींच्या डोक्यावर केस नव्हते. लुईसला जे दार उघडताना दिसतं, ते आपल्याकडे नवरा गेल्यावर कायमचं बंद व्हायचं.

माशीमांनी मात्र गोष्ट पूर्ण ऐकली. डोळ्यांत पाणी नव्हतं. म्हणाल्या, "माझा माणूस फार चांगला होता, बौमा. तू पाहिला नाहीस. मला हाताला धरून रस्ता ओलांडायला लावायचा." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "तो गेल्यावर वर्षभरानं एका रात्री मी पलंगाच्या मधोमध झोपले. हातपाय पसरून. लग्नापासून मी भिंतीकडेच्या काठावर झोपायची. त्या रात्री मला इतकी गाढ झोप लागली की सकाळी उठून मी खूप रडले. कुणाला सांगितलं नाही. मुलाला तर नाहीच." आणि माझ्या हातावर थोपटून हसल्या, "तुझ्या मेमसाहेबाला तासभर मिळाला. मला एवढी वर्षं मिळाली."

मी काय बोलणार होते? त्यांनी गोष्ट फक्त ऐकली नव्हती, तिच्यात स्वतःची भर घातली होती. पुढे मी वर्षानुवर्षं ही कथा बी.ए.च्या वर्गाला शिकवली. दरवर्षी एक तरी मुलगी विचारायची, "मॅडम, पण नवरा तर चांगला होता ना?" मुलगेही विचारायचे, जरा चिडून. मी त्यांना माशीमांचं नाव न घेता पलंगाची हकीकत सांगायची. वर्ग गप्प व्हायचा. लग्न ठरलेल्या मुली वहीत काहीतरी लिहून घ्यायच्या, जे परीक्षेला येणार नसायचं.

माशीमा शेवटी मुलाकडे जमशेदपूरला गेल्या. जाताना 'गल्पगुच्छ'चे खंड मला देऊन गेल्या. त्या वारल्याची बातमी पत्रानं आली. सासूबाई त्याआधीच गेल्या होत्या. निवृत्तीनंतर मी 'स्त्रीर पत्र'चं मराठी भाषांतर करायला घेतलं, छापायला म्हणून नव्हे, देणं फेडायची दुसरी रीत मला येत नव्हती म्हणून. कच्चा खर्डा टेबलावर असायचा. हे तो खर्डा वाचत आहेत याचा मला पत्ता नव्हता.

एका सकाळी चष्मा पुसत यांनी विचारलं, "या नवऱ्याचं नाव काय?" मी म्हटलं, नाव दिलेलं नाही, सबंध पत्रात तो फक्त 'तुम्ही' आहे. "मग त्यानं उत्तर दिलं का?" मी सांगितलं की कथेत नाही, पण बिपिनचंद्र पालांनी, म्हणजे आपल्या लाल-बाल-पालमधल्या पालांनी, 'नारायण' मासिकात 'मृणालेर कथा' लिहून जबाब दिला होता. त्या काळी पुष्कळांना हे पत्र झोंबलं होतं.

"तो जबाब पालांचा झाला," हे म्हणाले. "या माणसाचा नाही." खर्ड्याची पानं त्यांनी सारखी करून ठेवली. "तू एम.ए.चं विचारलंस ना, तेव्हा मला वाटलं होतं मी कुठेतरी नापास झालो. तू सांगत होतीस की माझं चुकलं नाही, आणि मला तेच समजत नव्हतं. चुकलं असतं तर माफी मागता आली असती." मग म्हणाले, "हे पत्र मला तेव्हाच का नाही दिलंस वाचायला?"

तेव्हा ते मराठीत नव्हतं, असं मी म्हणाले. हे खरं होतं, पुरतं नव्हतं. त्यांनी पेन्सिल मागितली आणि गाईंच्या परिच्छेदात माझं एक वाक्य लांबलंय तिथे खूण केली. वाक्य खरंच लांबलं होतं. मी ते दोन ठिकाणी तोडलं आणि पुढचं पान त्यांच्याकडे सरकवलं.